ॲपल पायचा जमाखर्च



सफरचंदाचा पाय आमच्या घरी होतो, हे कळल्यावर मंदिरातल्या एका ज्येष्ठ बाईंनी मला विचारलं, ‘ज्या पदार्थात डुकराची चरबी घालतात, तो आपल्या घरात करायचाच कशाला?’ प्रश्न टोचला, पण खोटा नव्हता. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या या पायची पारी चरबीतच मळली गेली आहे. माझी सून अमेरिकन. तिच्या आजीची कृती म्हणजे हाच पाय. तेव्हा या पदार्थाची वही एकदा पहिल्या पानापासून तपासावी असं ठरवलं. बी. कॉम. झाल्यावर नोकरी केली नाही, पण जमाखर्च बघितल्याशिवाय मत द्यायचं नाही ही खोड मात्र राहिली. (आमच्या सासूबाईंनी हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा ‘सफरचंदाला पाय कधी फुटले?’ असं विचारलं होतं. तेव्हापासून आमच्याकडे ‘चालत आलेला पदार्थ’ हेच त्याचं नाव आहे.)

पहिली गोष्ट म्हणजे ॲपल पाय मूळचा अमेरिकन नाहीच. इंग्लंडमध्ये १३८१ सालच्या एका हस्तलिखितात त्याची कृती सापडते. कृती कसली, चार ओळींची टीप! चांगली सफरचंदं, चांगले मसाले, अंजीर, मनुका आणि नासपती घ्या, सगळं कुटा, केशराने रंग द्या आणि पेटीत घालून भाजा. साखरेचं नाव नाही. तेव्हा इंग्लंडात साखर राजेरजवाड्यांची चीज होती. गोडवा यायचा तो मनुकांचा आणि अंजिराचा. आता बघा, चरबीचा उल्लेख नसलेली ही सर्वांत जुनी कृती, पण तीही आपल्याला चालणारी नाही. पाच उदुंबर फळांचा त्याग श्रावकाच्या अष्टमूलगुणांत आहे आणि अंजीर त्याच कुळातलं. अंजिराच्या पोटात फुलं असतात आणि त्या फुलांत शिरणारे बारीक कीटक, हे आज शाळेच्या पुस्तकातही असतं. आपल्या आचार्यांनी ते फार आधी बघितलं होतं.

त्या टिपेतला ‘पेटी’ हा शब्द मी मुद्दाम तसाच ठेवला. इंग्रजीत आज त्याच शब्दाचा अर्थ शवपेटी असा होतो, पण तेव्हा कुठल्याही डब्याला किंवा पेटीला तो शब्द चालायचा. पायची पारी ही तेव्हा खायची वस्तू नव्हतीच म्हटलं तरी चालेल. जाड, कडक, पिठाचं भांडंच ते. धातूची भांडी महाग, म्हणून पीठ घट्ट मळायचं, त्याच्या उभ्या भिंती करायच्या आणि आत सारण भरून भट्टीत सरकवायचं. सारण खायचं, भांडं बऱ्याचदा बाजूला ठेवायचं. आपल्याकडे केळीच्या पानात पानगी करतात आणि पान टाकून देतात, तसंच काहीसं. पारी खुसखुशीत हवी, तोंडात विरघळायला हवी, ही मागणी नंतरची. आणि ती मागणी आली तशी चरबी आली. हे लक्षात ठेवा, पुढे याचाच हिशेब करायचा आहे.

सफरचंदाचं माहेर ना इंग्लंड ना अमेरिका. ते कझाकस्तानात, तियानशान पर्वताच्या उतारावर. तिथे अजूनही रानटी सफरचंदांची जंगलं आहेत. जवळच्या अल्माटी शहराच्या नावातच सफरचंद आहे. १९२९ साली रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव तिथे गेले आणि घरी लावलेल्या सफरचंदाचा उगम इथलाच असावा असं त्यांनी सांगितलं. पुढे जनुकांच्या अभ्यासाने त्याला दुजोरा मिळाला. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, घोड्यांच्या पोटातून, माणसांच्या खिशांतून हे फळ पश्चिमेला गेलं. उत्तर अमेरिकेत मात्र नुसती बोराएवढी आंबट रानसफरचंदं होती. खायची सफरचंदं सतराव्या शतकात गोऱ्या वसाहतवाल्यांनी तिथे नेली.

सफरचंदाची एक खोड सांगायला हवी, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. गोड सफरचंदाची बी पेरली तर त्या झाडाला गोड सफरचंदं लागतीलच असं नाही, बहुतेक वेळा लागतच नाहीत. प्रत्येक बी नवं. तेच फळ हवं असेल तर कलमच करावं लागतं. आंब्याच्या रायवळ आणि हापूसमधला फरक आपल्याला ठाऊक आहे, तसंच हे. अमेरिकेत सुरुवातीला लागली ती बहुतेक बियांची झाडं, म्हणजे रायवळ. त्यांची आंबट, तुरट फळं हातात घेऊन खाण्याजोगी नव्हती. मग त्यांचं करायचे काय? रस काढून आंबवायचे. सायडर. म्हणजे दारूच. लहान मुलांनाही ते पाण्याऐवजी दिलं जाई. उरलेली फळं वाळवायची, सिरका करायचा, डुकरांना घालायची आणि पायमध्ये भरायची.

मुलाचं घर ओहायोमध्ये आहे. तिथल्या शाळांत जॉन चॅपमन या माणसाची गोष्ट मुलांना सांगतात. जन्म १७७४, मृत्यू १८४५. लोक त्याला जॉनी ॲपलसीड म्हणत. पेनसिल्व्हेनियातल्या सायडरच्या घाण्यांवर रस काढून झाल्यावर चोथा उरायचा, त्यातल्या बिया तो गोळा करी आणि पश्चिमेकडे ओहायो आणि इंडियानाच्या रानात वस्ती होण्याआधीच जाऊन रोपवाटिका लावी. ओहायोत काही ठिकाणी जमीन मिळवायची तर ५० सफरचंदाची झाडं लावण्याची अट होती, त्यामुळे त्याच्या रोपांना गिऱ्हाईक ठरलेलं. वेडा फकीर वगैरे नव्हता तो, धंदा कळणारा माणूस होता. पण राहणी मात्र आपल्या त्यागींची आठवण व्हावी अशी. अनवाणी फिरायचा, जुने कपडे घालायचा, लग्न केलं नाही, पुढे मांस सोडलं. १८७१ साली हार्पर्स मासिकात त्याच्यावर लेख आला. त्यात ऐकीव गोष्टी आहेत. रात्री शेकोटीत डास पडून मरताहेत असं दिसलं म्हणून त्याने शेकोटी विझवली. थंडीत पोकळ ओंडक्यात झोपायला गेला, आत अस्वलीण पिल्लांसह दिसली, तर तिला न उठवता बाहेर बर्फात झोपला. या खऱ्या की रचलेल्या, देव जाणे. पण ज्या लोकांमध्ये त्या सांगितल्या जात, ते स्वतः शिकारीवर जगणारे होते आणि तरी त्यांना या माणसाचं कौतुक वाटलं, ही मला मोठी गोष्ट वाटते.

तो कलम करायचा नाही. झाडाला कापणं त्याला क्रूर वाटे. इथे मी वही मिटून जरा वेळ बसले. एकेंद्रिय जीवाची दया बाळगणारा हा माणूस, पण कलम न केल्यामुळे त्याच्या झाडांना यायची ती आंबट फळं, आणि ती जायची सायडरला. म्हणजे झाड वाचलं आणि घरोघरी मद्य पोचलं. एका खात्यात जमा करायला गेलं की दुसऱ्या खात्यात नावे पडतं. आपल्याकडे महाराजसाहेब ‘विवेक’ हा शब्द पुन्हा पुन्हा का वापरतात, ते अशा ठिकाणी कळतं.

आता स्वयंपाकघरात येऊ. इंग्लंडमध्ये १७४७ साली हॅना ग्लास यांचं पाककृतींचं पुस्तक निघालं आणि ते अमेरिकेतल्या घरांतही गेलं. त्यातला ॲपल पाय आजच्या पायला बराच जवळचा आहे: सफरचंदाच्या फोडी, साखर, लिंबाची किसलेली साल, लिंबाचा रस, चार लवंगा. मला त्यातली आवडलेली युक्ती म्हणजे सफरचंदाची सालं आणि मधले गाभे फेकायचे नाहीत, थोड्या पाण्यात जायपत्री घालून उकळायचे, गाळायचे, साखर घालून आटवायचे आणि तो पाक फोडींवर ओतायचा. सालात चिकटपणा देणारं पेक्टिन असतं, त्यामुळे सारण आळतं. शास्त्र तिला ठाऊक नव्हतं, काटकसर ठाऊक होती. १७९६ साली ॲमेलिया सिमन्स या बाईंनी अमेरिकेतलं पहिलं स्वतःचं म्हणावं असं पाककृतींचं पुस्तक छापलं. स्वतःची ओळख तिने पुस्तकावर ‘एक अमेरिकन अनाथ’ एवढीच दिली आहे. तिच्या पायमध्ये शिजवून गाळलेली सफरचंदं, लिंबाची साल, दालचिनी, जायपत्री, साखर आणि गुलाबपाणी आहे. गुलाबपाणी! वाचताना आपल्या घरातलाच कुठलातरी पदार्थ आठवतो की नाही?

पण जायपत्री आणि साखर या दोन नावांपाशी मी थांबले. जायपत्री आणि जायफळ तेव्हा इंडोनेशियातल्या बांदा बेटांवरच व्हायचं. त्या व्यापाराचा मक्ता हवा म्हणून १६२१ साली डच कंपनीचा यान पीटर्सझोन कून याने ती बेटं जिंकली. सुमारे १५ हजार वस्तीपैकी हजारच्या आसपास माणसं उरली, असा अंदाज इतिहासकार देतात. बाकीची मारली गेली, उपासमारीने मेली, गुलाम झाली, पळून गेली. आणि साखर यायची वेस्ट इंडिजच्या मळ्यांतून, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या हातची. चरबीकडे बोट दाखवणं सोपं असतं, ती डोळ्याला दिसते. चिमूटभर जायपत्रीतली हिंसा दिसत नाही.

ती पहिल्यांदा ठळकपणे दाखवली इंग्लंडमधल्या लोकांनीच. १७९१ साली गुलामांचा व्यापार बंद करण्याचा ठराव पार्लमेंटात पडला. त्या वर्षी विल्यम फॉक्स यांनी एक छोटी पुस्तिका काढली. वेस्ट इंडिजची साखर आणि रम सोडा, हे तिचं सांगणं. ती हातोहात खपली. क्वेकर आणि इतर घरांतल्या बायकांनी चहात साखर घालणं बंद केलं, गोड पदार्थ बंद केले. त्या बायकांना मतदानाचा हक्क नव्हता, पण साखरेचा डबा त्यांच्या हातात होता. थॉमस क्लार्कसन या कार्यकर्त्याने देशभर फिरून अंदाज बांधला की सुमारे तीन लाख लोकांनी साखर सोडली. पुढे १८०७ साली व्यापार आणि १८३३च्या कायद्याने गुलामगिरीच बंद झाली. नुसत्या साखरेच्या त्यागाने झालं असं कुणी म्हणणार नाही, पण रसत्यागाला आपण घरातला उपास समजतो, तोच तिथे बाजारावर दाब आणायला वापरला गेला. आपल्या पाठशाळेत ही गोष्ट सांगायला हवी असं मला फार वाटतं.

साखरेबद्दल आणखी एक, कारण ओहायोच्या दुकानात मला त्याचा उपयोग झाला. अमेरिकेत उसाची साखर पांढरी करायला काही कारखाने अजून हाडांचा कोळसा वापरतात. बीटच्या साखरेत तो लागत नाही, सेंद्रिय म्हणून विकतात तिच्यातही वापरत नाहीत. पण बीट हे कंदमूळ! म्हणून आमच्याकडे तिथे सेंद्रिय उसाची साखर येते. चार डॉलर जास्त जातात, जाऊ देत.

आता चरबी. पारी खुसखुशीत व्हायची तर पिठाच्या कणांना स्निग्धाचा लेप बसायला हवा, म्हणजे पीठ चिवट होत नाही. करंजीत आपण मोहन घालतो आणि मुटका वळतो का बघतो, तेच. इंग्लंडात आणि अमेरिकेत श्रीमंतांच्या घरी लोणी असायचं. सिमन्स बाईंच्या पारीत लोणी भरपूर आहे. पण पश्चिमेच्या रानात गाय एखादी आणि डुकरं पुष्कळ. पडकी सफरचंदं खाऊन ती लठ्ठ व्हायची, थंडी सुरू होताच मारली जायची आणि त्यांची चरबी कढवून वर्षभर ठेवली जायची. म्हणजे चरबी ही या पायची चव म्हणून आली नाही, जवळ होती म्हणून आली. ओहायोतलं सिनसिनाटी शहर एकोणिसाव्या शतकात डुकरांच्या कत्तलीसाठी एवढं प्रसिद्ध होतं की त्याला ‘पोर्कोपोलिस’ म्हणत. १८३७ साली त्याच शहरात एक मेणबत्त्या करणारा प्रॉक्टर आणि एक साबण करणारा गॅम्बल, दोघे साडू, भागीदार झाले. दोघांनाही कत्तलखान्याची चरबी हवी होती.

आणि गंमत बघा, चरबीला पायमधून हटवलं ते याच कंपनीने. विजेचे दिवे आले, मेणबत्त्यांचा खप घसरला. सरकीचं तेल त्यांच्याकडे साबणासाठी येतच होतं. त्या तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करण्याची पद्धत त्यांनी उचलली आणि १९११ साली क्रिस्को नावाने डब्यात भरून बाजारात आणलं. दिसायला हुबेहूब चरबी, आत निव्वळ सरकी. पाच वर्षं आधी, १९०६ साली, अप्टन सिंक्लेअरच्या ‘द जंगल’ या कादंबरीने शिकागोच्या कत्तलखान्यांची घाण लोकांसमोर मांडली होती, त्यामुळे चरबीवरचा विश्वास उडालेला होता. क्रिस्कोचं आणखी एक मोठं गिऱ्हाईक म्हणजे ज्यू घरं. त्यांना डुक्कर निषिद्ध, आणि मांसाच्या जेवणाबरोबर लोणीही चालत नाही. १९३३ साली कंपनीने ज्यू गृहिणींसाठी यिडिश आणि इंग्रजी अशा दोन भाषांत पाककृतींचं पुस्तकच काढलं. धर्म सांभाळून अमेरिकन पाय कसा करायचा, हा प्रश्न आपल्या आधी कितीतरी वर्षं त्यांनी सोडवून टाकला होता. आपल्याकडे त्याच जातीचा डालडा १९३७ साली आला. त्याचं पुढे काय झालं ते माझ्या वयाच्या वाचकांना सांगायला नको. आता ट्रान्स फॅटमुळे दोन्हीकडे नियम कडक झाले आहेत. अमेरिकेत २०१८पासून असं अर्धवट घट्ट केलेलं तेल बंद, आणि भारतात २०२२पासून ट्रान्स फॅट दोन टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

हा सगळा इतिहास मला आधी एका कार्डावर दिसला होता, फक्त तेव्हा मला तो वाचता येत नव्हता. सुनेच्या आजीचं पाककृतीचं कार्ड, पोस्टकार्डाएवढं, पिवळं पडलेलं. आजी आता नाहीत. त्यांचं हस्ताक्षर म्हणून घरात जे उरलंय त्यात हे कार्ड. वरच्या ओळीत निळ्या शाईने ‘लार्ड’ लिहिलेलं, त्यावर एक आडवी रेघ, आणि शेजारी पेन्सिलने ‘क्रिस्को’. खाली कोपऱ्यात आणखी वेगळ्या शाईने ‘निम्मं लोणी घातलं तर बरं’. सून मला म्हणाली होती, ‘आई, तुमच्यासाठी तूप घातलं तर तो आजीचा पाय राहील का?’ तिच्या मनात खरीच भीती होती. मी तिला कार्डावरची रेघ दाखवली. तिच्या आजीनेच दोनदा बदल केला होता. तरी ती पुष्कळ वेळ बोलली नाही. मग म्हणाली, ‘तिने तिच्या हाताने खोडलं, मी तिचं कसं खोडू?’ यावर मी काही उत्तर दिलं नाही. आम्ही कार्डाला हात लावला नाही.

लोणी का नको, असं पुष्कळ जण विचारतात. चरबी समजते, लोण्यात काय? मद्य, मांस, मध आणि नवनीत, या चार महाविकृतींत लोणी आहे. आचार्य हेमचंद्रांनी बाराव्या शतकात योगशास्त्रात अभक्ष्य सांगताना लोणीही सांगितलं आहे. ताकातून काढल्यावर अंतर्मुहूर्तानंतर, म्हणजे ४८ मिनिटांच्या आतबाहेर, त्यात सूक्ष्म जीवांची उत्पत्ती होते, म्हणून लगेच कढवून तूप करायचं. विज्ञानाच्या बाजूने पाहिलं तर लोण्यात सुमारे १६ ते १८ टक्के पाणी आणि थोडा दुधाचा अंश असतो, म्हणून ते नासतं. तुपात पाणी जवळजवळ नसतं, म्हणून ते टिकतं. मात्र पायवाल्यांना नेमकं ते पाणीच हवं असतं! लोण्याचे थंड तुकडे पिठात राहतात, ओव्हनमध्ये त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती पारीचे पापुद्रे वर उचलते. तुपाने पारी खुसखुशीत होते, पण पापुद्रे सुटत नाहीत. नानकटाईसारखी भुसभुशीत लागते.

आता त्या बाईंच्या प्रश्नाकडे येते, कारण त्यांच्या प्रश्नामागे एक खरा शास्त्रीय आधार आहे आणि तो टाळून चालणार नाही. यशोधर राजाची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. सोमदेवसूरींनी इ. स. ९५९मध्ये यशस्तिलकचंपूत ती विस्ताराने सांगितली. आईच्या आग्रहाखातर राजाने खरा कोंबडा न मारता पिठाचा कोंबडा देवीला बळी दिला. पिठाचाच, एकही जीव गेला नाही. तरी मायलेकांना मोर आणि कुत्रा होऊन जन्मोजन्मी मारलं जावं लागलं. कारण मारण्याचा भाव खरा होता. मग चरबीच्या पायची तुपातली नक्कल ही पिठाच्या कोंबड्यासारखी नव्हे का?

मला पुष्कळ विचाराअंती ती तशी वाटत नाही. राजाला कोंबडाच मारायचा होता, पीठ ही पळवाट होती. पाय खाणाऱ्याला डुक्कर नको असतं, सफरचंद हवं असतं. चरबी हा त्या पदार्थाचा देव नव्हता, ती होती नोकर, आणि हा नोकर सहाशे वर्षांत चार वेळा बदलला. उलट आज सोयाबीनचं ‘मटण’ करून त्याला हाडासारखी काडी टोचतात, ती पाकिटं आपल्याही घरांत येतात. तिथे मात्र मला यशोधर आठवतो. त्या बाईंना मी हे सांगितलं. त्यांना पटलं असं नाही. ‘तरी पण’ म्हणाल्या. शोधाच्या चौक्यात हा पाय जाणार नाही हे मीही मान्य करते. पावसाळ्यात तीन, उन्हाळ्यात पाच आणि हिवाळ्यात सात दिवसांची पिठाची मर्यादा पाळायची तर दुकानातला मैदा बसतच नाही. त्यामुळे व्रती घरी आले की आमच्याकडे पायचं नावही निघत नाही.

पापुद्र्यांचं कोडं सुटलं ते सासूबाईंच्या साट्याच्या करंजीने. लोण्यातल्या पाण्याचं काम साटा करतो. ३०० ग्रॅम मैद्यात चिमूटभर मीठ आणि ६० ग्रॅम घट्ट तुपाचं मोहन चोळायचं, गार पाण्याने घट्टसर मळून अर्धा तास झाकायचं. ९० ग्रॅम तूप आणि चार चमचे तांदळाची पिठी हलकं होईपर्यंत फेसायची, हा साटा. पिठाच्या दोन मोठ्या पोळ्या लाटायच्या, साटा पसरायचा, गुंडाळी करायची, गुंडाळीची चकली वळून वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवायची आणि मग पुन्हा लाटायची. एक खाली, एक वर.

सारणाला साधारण सव्वा किलो आंबट सफरचंदं. अमेरिकेत असाल तर ग्रॅनी स्मिथ किंवा ओहायोचंच रोम ब्युटी, ते भट्टीत मोडत नाही. भारतात आपल्याला मिळतं ते मुख्यतः लाल डेलिशियस. त्याचं कारणही अमेरिकेतूनच आलेलं: फिलाडेल्फियात १८८२ साली जन्मलेले सॅम्युअल स्टोक्स १९०४ साली भारतात आले, कोटगढला राहिले आणि १९१६च्या सुमारास त्यांनी तिथे डेलिशियसची झाडं लावली. स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेले, १९३२ साली हिंदू झाले, सत्यानंद झाले. इंग्रजांनी कुलूत लावलेली आंबट सफरचंदं आपल्या लोकांना रुचली नव्हती, ही गोड जात रुचली आणि पहाडाचं नशीब पालटलं. हातात धरून खायला ती छान, पायमध्ये मात्र तिचा लगदा होतो. तीच घ्यायची झाली तर फोडी जाड कापा, साखर १०० ग्रॅमवर आणा आणि एका लिंबाचा रस घाला. आंबट सफरचंदांना १५० ग्रॅम साखर लागते. दोन चमचे मैदा, चमचाभर दालचिनीची पूड. सालांचा आणि गाभ्यांचा पाक ग्लास बाईंच्या पद्धतीने, बिया आधी काढून. गाळताना कपडा वापरा.

वरच्या पारीला चार चिरा द्यायच्या, वाफ जायला. अंड्याऐवजी दुधाचा हात फिरवायचा. २२० अंशांवर वीस मिनिटं, मग १९० अंशांवर चाळीस मिनिटं. आतला पाक चिरांमधून बुडबुडताना दिसला की झालं. गरम कापू नका, सारण वाहून जाईल. तीन तास तरी थंड होऊ द्या.

वेळेचं गणित तेवढं आधी करा. जुन्या न्यू इंग्लंडात थँक्सगिव्हिंगला डझनावारी पाय करून थंड खोलीत गोठवायचे आणि हिवाळाभर खायचे, हॅरिएट बीचर स्टोव यांनी ते लिहून ठेवलंय. आपल्याला शिळं चालत नाही आणि रात्रीचंही. नोव्हेंबरच्या अखेरीस ओहायोत सूर्य पाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे चार वाजता ताटात हवा असेल तर पाय साडेअकराला ओव्हनमध्ये गेलाच पाहिजे आणि पारी मळायला नऊला बसायला हवं. सून आता फ्रिजवर दोन कागद लावते, एक दिवसाच्या वेळापत्रकाचा आणि दुसऱ्यावर ‘तूप १५० ग्रॅम, साटा’, तिच्या हस्ताक्षरात. आजीचं कार्ड प्लास्टिकच्या पाकिटात घालून खणात ठेवलंय.